कांपालची चिऱ्याची घरं आणि मिरामारचे सोललेले बीम

खारीहवा
पणजीत मांडवीच्या तोंडाशी कांपाल, पुढे मिरामार, मग करंजाळे आणि टोकाला दोनापावला. सगळा पट्टा सहा-सात किलोमीटरच्या आतला. कांपालला शंभरी ओलांडलेली चिऱ्याची (जांभ्या दगडाची) घरं ताठ उभी आहेत. मिरामार-करंजाळ्यात मात्र तीस-चाळीस वर्षांच्या इमारतींच्या गॅलऱ्यांखालून सळ्या डोकावताहेत. वारा तोच, पाऊस तोच, मीठही तेच. मग फरक कशाचा? बांधण्याच्या पद्धतीचा, मालाचा की नुसत्या देखभालीचा?
ही वस्ती कशी वाढत गेली आणि घरं कशी बांधली गेली हे जाणणाऱ्यांनी लिहावं. दुरुस्तीबद्दल नेमकं लिहिलंत तर सोन्याहून पिवळं. ‘हल्ली पूर्वीसारखे गवंडी राहिले नाहीत’ एवढ्यावर कृपया थांबू नये.

शंकासूर
आधी एक खडा. ‘ताठ उभी आहेत’ तीच आपल्याला दिसतात. जी पडली, त्यांच्या जागेवर तुमच्या त्या सळ्या डोकावणाऱ्या इमारती उभ्या आहेत. पडलेलं घर इथे प्रतिसाद द्यायला येत नाही.

नुस्तेंखाऊ
शंकासूर आले, धागा शंभरी गाठणार.

मांडवीकाठी
शंकासुरांचा मुद्दा रास्त आहे, पण आधी इतिहास, नाहीतर सगळीच घरं एका वयाची समजली जातील.

पणजी म्हणजे मुळात आदिलशाही वाडा, त्याभोवती मच्छीमारांची वस्ती, माडांच्या बागा आणि बराचसा दलदलीचा भाग. जुन्या गोव्यात रोगराई वाढली तसा व्हाइसरॉय १७५९ मध्ये इथल्या वाड्यात राहायला आला. म्हणजे राज्यकर्ता आधी आला आणि शहर नंतर. शहराची आखणी झाली ती दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याच्या कारकिर्दीत, १८२६ ते १८३५. दलदल बुजवली, रस्ते सरळ काढले. कांपाल हे नावही त्याच्याच ‘दों मानुएलच्या मैदाना’वरून आलेलं. ‘नोव्हा गोवा’ म्हणून राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला १८४३ मध्ये.

त्यामुळे कांपालची घरं फोंतेन्हास या पणजीतल्याच जुन्या वस्तीपेक्षा वेगळी दिसतात. फोंतेन्हास अठराव्या शतकाच्या अखेरीस माडाच्या बागेत वसत गेलं, म्हणून तिथे गल्ल्या अरुंद आणि घर थेट रस्त्यावर उघडणारं. कांपाल आखलेल्या रुंद रस्त्यावर वसलं, म्हणून पुढे लोखंडी फाटक, मग बाग, मग पायऱ्या आणि मग घर. हे अंतर नुसतं मिरवण्यासाठी नव्हतं, बागेतली झाडं नदीवरून येणारा वारा अडवतात.

मिरामारचं जुनं नाव गास्पार दियश. तिथे रेईश मागूश किल्ल्याच्या समोर, नदीच्या अलीकडच्या काठावर किल्ला होता. दोन्ही काठांवरून तोफा रोखल्या की मांडवीत शिरणारं जहाज मधे सापडायचं. १८३५च्या लष्करी बंडाळीत तो जळाला. बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा हा मूळ गोवेकर असलेला एकमेव गव्हर्नर पदावरून हाकलला गेला, तीच ही बंडाळी. त्यानंतर बराच काळ हा भाग वाळू, माड आणि ताळगावची शेतं एवढाच होता. मिरामारची दाट वस्ती १९६१ नंतरची. धेंपे महाविद्यालय १९६२ चं, त्याच सुमारास बंगले, आणि फ्लॅट त्याच्याही नंतर.

तेव्हा तुलना करताना भान ठेवा. एकीकडे दीडशे वर्षांत हळूहळू वाढलेली नदीकाठची वस्ती, दुसरीकडे तीस-चाळीस वर्षांत उठलेली वाळूवरची.

पागोळी
म्हणजे कांपाल समुद्रावर नाहीच! धाग्याच्या पायालाच ओल.

मांडवीकाठी
@पागोळी, मुखाजवळची नदी म्हणजे भरतीला समुद्रच. फरक इतकाच की आग्वादच्या बाजूची वाळूची दांडी मोठ्या लाटा अडवते, त्यामुळे उडणारे तुषार कांपालपर्यंत कमी पोचतात. मिरामारच्या उघड्या किनाऱ्यावर पश्चिमेचा वारा थेट लाट फोडून मीठ आत नेतो. हे मीठ पहिल्या काहीशे मीटरांतच सर्वांत जास्त बसतं, पुढे झपाट्याने कमी होतं. सुरूच्या रांगा आणि वाळूच्या टेकाडांवरची मर्यादवेल ही बिनपगारी राखणदार आहेत. समोरचं दृश्य मोकळं करायला टेकाड सपाट केलं की मागच्या इमारतीच्या गॅलरीचं आयुष्य कमी झालंच म्हणून समजा.

कौलारू
जुनं घर किती जुनं हे कागद न बघता अंदाजाने सांगता येतं. काही खुणा:

कौलं बघा. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये काढला. त्याआधी सगळीकडे हाताने केलेले नळे. म्हणजे छपरावर मंगळुरी कौल असेल तर ते छप्पर १८६५ च्या नंतरचं. लक्षात घ्या, छप्पर म्हणतोय, घर नव्हे. खालच्या भिंती बऱ्याचदा जुन्या असतात आणि नळे काढून मंगळुरी चढवलेली असतात. भिंतीच्या माथ्याशी वाशांच्या जुन्या बुजवलेल्या खोबणी दिसल्या तर छप्पर बदललंय.

खिडक्या बघा. काच स्वस्त होण्याआधी शिंपल्यांची तावदानं होती. लाकडी पट्ट्यांना खाचा, त्यात चौकोनी कापलेले शिंपले सरकवलेले, वरचा खालच्यावर थोडा चढवलेला, कौलासारखा, म्हणजे पाणी बाहेरच ओघळतं. उजेड दुधाळ येतो, ऊन येत नाही. काही घरांत वरच्या भागात शिंपले आणि खालच्या भागात काच दिसते, ती मधल्या काळातली डागडुजी.

लोखंडी ओतीव कठडे आणि नक्षीदार सिमेंटी फरश्या दिसल्या तर एकोणिसाव्या शतकाची अखेर किंवा विसाव्याची सुरुवात धरा. बाल्कांव, म्हणजे पायऱ्यांवरचं छप्पर असलेलं समोरासमोरच्या बाकांचं प्रवेशस्थान, गावांतल्या घरांना हमखास असतं. कांपालला त्याऐवजी लांब व्हरांडा जास्त.

शंकासूर
आणि या सगळ्याला आपण ‘पोर्तुगीज घर’ म्हणतो! चिरा इथला, चुना इथल्या शिंपल्यांचा, लाकूड इथलं, गवंडी-सुतार इथले, पाऊस तर खास इथलाच. पोर्तुगालात कुणी एवढी वळचण पुढे काढत नाही. घराच्या जाहिरातीत ‘पोर्तुगीज’ लिहिलं की किंमत वाढते, तेवढाच त्या शब्दाचा उपयोग.

मांडवीकाठी
अर्धं मान्य. पण रस्त्याकडे तोंड करून खिडक्यांची रांग मिरवणं, पाहुण्यांसाठी पुढचा साला म्हणजे दिवाणखाना, हे वळण तिकडचंच. हिंदूंच्या जुन्या वाड्यांत घर आतल्या राजांगणाकडे बघतं, मध्ये तुळस, रस्त्याकडची भिंत जवळजवळ मुकी. एकाच गवंड्याने दोन्ही बांधली असतील, तरी घराने कुठे बघायचं हे मालकाने ठरवलं. ‘गोंयचें घर’ म्हणा, वाद मिटेल. तोर्ड्याचं ‘हाउसेस ऑफ गोवा’ संग्रहालय याच विषयावर आहे, जेरार्ड द कुन्हा या वास्तुरचनाकाराने उभारलेलं. एकदा बघून या आणि मग भांडू.

सुशेगाद
भांडायला तोर्ड्यापर्यंत कशाला? इथेच ठीक चाललंय.

चिरेखण
खारीहवांच्या मूळ प्रश्नाकडे. भिंतीपासून.

चिरा सच्छिद्र असतो. खाणीतून ताजा काढलेला मऊ असतो, हवा लागून कडक होतो, म्हणून तो काही आठवडे, जमल्यास एक उन्हाळा, मोकळ्यावर रचून ठेवून मग वापरायचा. तो पाणी पितो आणि सोडतो. जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड, चुन्यात बांधलेली, चुन्याचाच गिलावा. जमिनीतून चढलेलं पाणी गिलाव्यातून बाहेर उडून जातं. पाण्याबरोबर मीठही पृष्ठभागावर येतं, त्याने चुन्याचा गिलावा दहा-पंधरा वर्षांत भुसभुशीत होतो आणि बदलावा लागतो. म्हणजे गिलावा बळी जातो, चिरा वाचतो. ही सोय आहे, दोष नाही.

आता याच भिंतीला सिमेंटचा १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) गिलावा मारा. पाणी बाहेर पडायचं थांबतं, वर चढत राहतं. पूर्वी दोन फुटांपर्यंत असलेली ओल पाच फुटांवर जाते. मीठ सिमेंटच्या मागे, चिऱ्याच्या छिद्रांत साचतं. साधं मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की विरघळतं, खाली आली की पुन्हा स्फटिक होतं. पणजीची हवा या रेषेच्या वर-खाली सतत करत असते. प्रत्येक फेरीत स्फटिक छिद्राच्या भिंतीवर रेटतो. काही वर्षांनी सिमेंटची अख्खी खपली निघते आणि मागच्या बाजूला चिऱ्याचं पीठ चिकटलेलं असतं. लोक म्हणतात चिरा कच्चा होता. चिरा कच्चा नव्हता, त्याला कोंडलं होतं.

पागोळी
@चिरेखण, मग आधीच सिमेंट मारून बसलेल्यांनी काय करायचं? पद्धत द्या की.

चिरेखण
देतो. पाऊस संपला की ऑक्टोबरअखेर सुरुवात, काम फेब्रुवारीच्या आत आटपा. मार्चच्या उन्हात चुना फार लवकर सुकतो आणि तडकतो.

सिमेंट छिन्नी-हातोडीने काढा, ब्रेकर लावू नका, नाहीतर चिऱ्याची कड जाते. सांध्यातला सैल मसाला इंचभर खोल खरवडून घ्या. उघडी भिंत निदान एक-दोन महिने तशीच ठेवा. पांढरं मीठ फुलून येईल. ते कोरड्या कुंचल्याने झाडून गोळा करा आणि बाहेर टाका. पाण्याने धुवायचं नाही! धुतलं की तेच मीठ विरघळून परत आत जातं. ही चूक सर्रास होते. मीठ फारच असेल तर माती आणि कागदाच्या लगद्याचा पाऊण इंची लेप भिंतीवर ओला थापायचा, पूर्ण सुकू द्यायचा आणि उखडून टाकायचा. दोन-तीनदा केलं की बराच फरक पडतो.

कळीचा चुना विरवून त्याची मळी किमान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवा, दोन-तीन महिने ठेवलीत तर उत्तम. एक भाग मळी, तीन भाग नदीची धुतलेली वाळू. खालच्या दोन-अडीच फुटांत ओल जास्त, तिथे एक भाग मळी, एक भाग सुर्की म्हणजे विटेची भुकटी, दोन भाग वाळू, कारण सुर्की असली की चुना ओलीतही आवळतो. भिंत आधी भिजवा. थर दहा-बारा मिलिमीटरचा, जाडी हवी तर दोन थरांत, मधे आठवडा. गोणपाट टांगून सात-दहा दिवस ओलं ठेवा, पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. तीन-चार आठवड्यांनी रंग. चुन्याची निवळी दुधाइतकी पातळ, चार-पाच हात. एका जाड हातात आटपायला गेलात तर पापुद्रे सुटतील.

आणि कृपया त्यावर ॲक्रिलिक किंवा ‘वॉटरप्रूफ’ रंग नको. सगळी मेहनत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळल्यासारखं होईल.

नुस्तेंखाऊ
पण तो फोंतेन्हासचा निळा, तो गेरूसारखा लाल, तो पिवळा… ते रंग चुन्यातून कसे येतात? म्हणतात ना, पांढरा रंग फक्त चर्चला, घरांना मनाई.

चिरेखण
त्या मनाईची गोष्ट बाजूला ठेवा, कारण चुन्यातच आहे. चुना क्षारधर्मी, त्यात बहुतेक रंग उडतात. टिकतात ते खनिज रंग: काव, पिवडी आणि नीळ. म्हणून लाल, पिवळा, निळा हेच पुन्हा पुन्हा दिसतात. चौकटीभोवतीची पांढरी किनार म्हणजे नुसता चुना. रंगद्रव्य चुन्याच्या पाच-दहा टक्क्यांवर नेऊ नका, जास्त घातलं तर हाताला लागतं आणि पावसात ओघळतं.

कौलारू
यात छपराचं जोडतो, कारण भिंत वाचवून छप्पर चुकलं तर उपयोग नाही.

गळती कटकटीची वाटते म्हणून कौलं काढून वर काँक्रीटचा स्लॅब टाकतात. हिशेब करा. मंगळुरी कौल चौरस मीटरला पंधराएक लागतात, रिपांसकट वजन सुमारे ६५ किलो. पाच इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला ३०० किलोंच्या वर. चिऱ्याची किमान ताकद भारतीय मानकानुसार ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, साध्या काँक्रीटच्या कितीतरी खाली. जाड भिंत तो भार घेते, पण जिथे खिडक्या जवळ जवळ आणि मधला खांब अरुंद, तिथे भेग तिरकी जाते. शिवाय उन्हात स्लॅब फुगतो, भिंत फुगत नाही, आणि माथ्याच्या थरात आडवी भेग पडते. त्यातून पाणी. म्हणजे गळती गेलीच नाही, फक्त जागा बदलली.

कौलं राखायची पद्धत साधी आहे. एप्रिल-मे मध्ये शाकारणी: कौलं उतरवा, शेवाळ घासा, बोटाने वाजवून बघा. टणक आवाज आला तर चांगलं, बद्द आला तर केसासारखी चीर. उतार २५ अंशांच्या खाली असेल तर इथल्या झडीत पाणी उलटं चढतं, तिथे नुसतं कौल बदलून भागत नाही. आढ्यावरची कोन-कौलं सिमेंटमध्ये बसवू नका, चुन्यात बसवा, नाहीतर वाऱ्याने छप्पर हललं की सिमेंट तडकतं आणि पाणी थेट आढ्यावर.

वाशांची टोकं भिंतीत गाडलेली असतात तिथे पोखरतात. सागवान, फणस, किंदळ, मट्टी, लाकूड कुठलंही असो, टोक कोंडलं की वाळवी लागतेच. टोकाभोवती बोटभर मोकळी जागा सोडा. पूर्ण वासा बदलायची गरज नसते, कुजलेलं दोन-तीन फूट कापून जुन्यालगत नवा तुकडा बोल्टने जोडता येतो. बोल्ट स्टेनलेसचे, आणि इथल्या हवेत ३०४ नव्हे, ३१६. ३०४ वर वर्षभरात तपकिरी ओघळ येतात.

शंकासूर
म्हणजे जुन्या घरातही वाळवी, मीठ, गळती सगळं आहे. मग ‘ताठ’ कसली?

कॉलम_बीम
शंकासूर, आता खारीहवांच्या दुसऱ्या अर्ध्या प्रश्नावर येतो, तुमचंही उत्तर त्यात आहे.

चांगल्या काँक्रीटमध्ये सळई क्षारधर्मी वातावरणात असते, पीएच साडेबाराच्या वर. त्यामुळे तिच्यावर पातळ संरक्षक थर टिकतो. किनाऱ्यावर क्लोराइड (मिठातला घटक) भेगांतून, छिद्रांतून आत शिरतं आणि तो थर ठिकठिकाणी फोडतं. गंज मूळ पोलादाच्या दोन ते सहा पट जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून ढकललं जाऊन सोलतं. सळी डोकावते तेव्हा रोग नवा नसतो, बराच जुना असतो.

सळीवर काँक्रीटचं आवरण किती, यावर सगळा खेळ. १९७८च्या भारतीय मानक संहितेत स्लॅबला किमान १५ मिलिमीटर, बीमला २५. खाऱ्या हवेत ते आणखी १५ ते ५० मिलिमीटर वाढवावं असं तेव्हाही लिहिलेलं होतं, पण साइटवर वाचलं जायचं ते किमानच. २०००च्या संहितेने किनारपट्टी ‘तीव्र’ वर्गात घातली: आवरण ४५, काँक्रीट किमान एम-३० ताकदीचं, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट. थेट तुषार लागत असतील तर ५० मिलिमीटर आणि एम-३५. आता एखाद्या जुन्या गॅलरीची खालची बाजू ठोकून बघा, पंधराही भरत नाही.

त्यात वाळू आणि पाणी. खाडीची न धुतलेली वाळू किंवा किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी कालवलं की क्लोराइड पहिल्या दिवसापासून आतच. सळ्या असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नको. तपासणीला फार पैसे लागत नाहीत, पण ती कोण करतो?

मांडवीकाठी
विहिरींचं एक गणित इथेच टाकतो. किनाऱ्याला गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर त्याखाली सुमारे ४० मीटर गोडा थर टिकतो. म्हणजे उपशाने वरची पातळी अर्धा मीटर खाली गेली तर खालून खारं पाणी कालांतराने वीस मीटर वर येतं. करंजाळ्याच्या बाजूला इमारती वाढल्या, उपसा वाढला, त्याच विहिरींचं पाणी पुन्हा बांधकामाला. वर्तुळ पूर्ण.

सुशेगाद
या हिशेबाने आमच्या सोसायटीचा बीम पापडासारखा खारवलेला निघणार.

पागोळी
@कॉलम_बीम, सोललेल्या बीमला सिमेंट लेपून वर रंग, हे तर सगळीकडे चालतं. ते चुकीचं?

कॉलम_बीम
सर्वांत वाईट. कारण सांगतो. गंजलेला भाग तेवढा काढून तिथे नवा, स्वच्छ मसाला भरला की तो तुकडा सुरक्षित होतो, पण शेजारच्या जुन्या खाऱ्या काँक्रीटमधली सळी आता त्याच्या वाटचा गंज ओढवून घेते. आधी गंजणारा भाग शेजाऱ्याला नकळत वाचवत होता, ते संरक्षण गेलं. दोन-तीन वर्षांत तुकड्याच्या कडेलाच नवी भेग. लोक म्हणतात ठेकेदाराने फसवलं. ठेकेदाराने मसाला चांगला भरला असेलही, पण पद्धतच अर्धी.

नीट पद्धत अशी. आधी तपासणी. काँक्रीट ठोकून पोकळ आवाजाच्या जागा खडूने आखा. ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थेलीन शिंपडा, गुलाबी आलं तर क्षारता शाबूत. पण किनाऱ्यावर गुलाबी आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, क्लोराइड गुलाबी काँक्रीटमध्येही सळी खातं. म्हणून क्लोराइडची वेगळी चाचणी आणि अर्ध-घट विभव मापन, म्हणजे सळीचा विद्युतदाब मोजून गंजाचा अंदाज घेणं. तांबं-मोरचूद इलेक्ट्रोडने वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, वरून कितीही गुळगुळीत दिसलं तरी.

मग टेकू देऊन भार काढा. सळीच्या मागे निदान वीस मिलिमीटर मोकळं होईपर्यंत काँक्रीट फोडा, सळी चारही बाजूंनी दिसली पाहिजे. घासून चकचकीत करा. सळीच्या छेदाचं क्षेत्रफळ पाचव्या हिश्श्याहून जास्त घटलं असेल तर जोड सळी. जस्तयुक्त प्रायमर, जोडलेप, पॉलिमर मसाला थराथराने किंवा साचा लावून मायक्रो-काँक्रीट. दुरुस्तीच्या कडेला जस्ताचे त्यागी ॲनोड बांधले की शेजारच्या सळीचा प्रश्न बराच सुटतो, जस्त आधी झिजतं. सात दिवस ओलं ठेवा. शेवटी श्वास घेणारा, पण क्लोराइड अडवणारा लेप. आणि हे करताना गॅलरीच्या कडेखाली पाणी तोडणारी खाच आहे का बघा. ती नसेल तर पाणी तळाशी सरकत जातं, म्हणूनच सोलणं नेहमी कडेपासून सुरू होतं.

दप्तरी
दुरुस्तीआधी कागद. घर पणजी शहर सर्वेक्षणात असेल तर फॉर्म डी काढा, त्यावर पी. टी. शीट नंबर आणि चलता नंबर असतो. ताळगावासारख्या गावच्या हद्दीत असेल तर फॉर्म एक व चौदा. त्यामागचा इतिहास हवा तर पोर्तुगीजकालीन भूनोंदणीचं वर्णन आणि मात्रीज, म्हणजे तेव्हाची करनोंद. भाषा पोर्तुगीज, हस्ताक्षर दिव्य, पण चतुःसीमा दिलेल्या असतात आणि त्यावरून शेजारची घरं कधी आली हेही कळतं.

किनारी नियमनाची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. घर त्याआधीचं असल्याचा पुरावा, म्हणजे जुनी घरपट्टी, वीजजोडणी, सर्वेक्षण नकाशा, जपून ठेवा. सगळं त्या तारखेवर अडतं. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियमनात येतो. विकसित शहरी भागात नवं बांधकाम अस्तित्वातल्या रस्त्याच्या किंवा मान्य बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच.

आणि बंद घरांचं खरं कारण मीठ नव्हे, वारसाहक्क. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी सर्वांना समान वाटा. तीन पिढ्या वाटणी झाली नाही की एका छपराला वीस-पंचवीस मालक, निम्मे परदेशात. इन्व्हेंटारियो, म्हणजे कोर्टातली वारसा-वाटणी, होऊन हिस्से ठरल्याशिवाय कुणी शाकारणीचेही पैसे काढत नाही. दोन पावसाळे कौलं न चाळता गेले की आढं जातं.

नुस्तेंखाऊ
अवांतर: फोंतेन्हासच्या ३१ जानेवारी रस्त्याला ते नाव पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला म्हणून ना? गाइड तसंच सांगतात.

दप्तरी
स्पेनपासून सुटका १ डिसेंबर १६४० ची. ३१ जानेवारी ही १८९१ सालच्या पोर्तोतल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या उठावाची तारीख. तो उठाव फसला, पण १९१० मध्ये राजेशाही गेल्यावर त्याचे भाग्य उजळले. गाइडला सांगा, पण टिप आधी द्या.

मांडवीकाठी
अवांतरावरून अवांतर. नव्या बांधकामाने या वस्तीशी कसं वागावं याचा दाखला कांपालातच आहे, चार्ल्स कोरियांची कला अकादमी. एवढी मोठी इमारत, पण उंची झाडांखाली ठेवलेली आणि रस्त्यावरून नदीपर्यंत मोकळी वाट. आत मारिओ मिरांडांची चित्रं. काँक्रीटचीच आहे, तेव्हा कॉलम_बीम यांनी वर लिहिलेले सगळे रोग तिलाही लागू. आराखडा चांगला असला म्हणून क्लोराइड सवलत देत नाही.

शंकासूर
माझा मूळ मुद्दा अजून लोंबकळतोय. जुनी घरंही खराब होतात, नवीही होतात. मग फरक?

कॉलम_बीम
फरक खराब होण्याच्या तऱ्हेत. चिऱ्याच्या घरात गिलावा भुसभुशीत झाला, कौल फुटलं, वासा पोखरला, हे डोळ्यांना दिसतं आणि सुटं बदलता येतं. गवंडी एक, सुतार एक, काम चार दिवसांचं. काँक्रीटच्या चौकटीत सगळं एकसंध, रोग आत, आणि दिसेपर्यंत सळी निम्मी गेलेली. एक बीम बदलायचा तर वरच्या तीन मजल्यांना टेकू. शिवाय चार भिंतींच्या घराला एक मालक खर्च करू शकतो, चोवीस फ्लॅटच्या सोसायटीत खर्चाचा ठराव व्हायलाच दोन पावसाळे.

आवरण ४५, काँक्रीट दाट, पाणी गोडं, कडेला खाच: एवढं पाळलं असतं तर मिरामारच्या त्याच इमारती आज सोलल्या नसत्या. दोष काँक्रीटचा नाही.

शंकासूर
हे पटलं. नोंद घ्या, वर्षातून एकदा होतं.

खारीहवा
सगळ्यांचे आभार, खूप काही मिळालं. शेवटचं एक विचारतो. कांपालच्या बऱ्याच घरांत पूर्वी नसलेली ओल गेल्या पंधरा-वीस वर्षांत दिसते, तीही सिमेंट न लावलेल्या भिंतींत. त्याचं काय?

चिरेखण
रस्ता बघा. दर खेपेला जुना थर न खरवडता वर नवं डांबर चढतं, प्रत्येक वेळी दीड-दोन इंच. पाच-सहा थरांत रस्ता जवळजवळ फूटभर उंच होतो, आणि जोत्याची पहिली पायरी जमिनीत जाते. पूर्वी पावसाचं पाणी आवारातून रस्त्याकडे जायचं, आता रस्त्यावरून आवारात येतं. जोत्याच्या बाजूला लाकडी जमिनीखाली हवा खेळण्यासाठी छोट्या जाळ्या असतात, त्या मातीने, फरशीने किंवा कुंडीने बुजलेल्या असतात. त्या उघड्या करा. भिंतीलगतची सिमेंटची पट्टी फोडून दीड फूट रुंद, दोन फूट खोल चर काढा, तळाला सच्छिद्र नळी, वर खडी, उतार गटाराकडे. चर जोत्याच्या पायाच्या तळापेक्षा खोल नेऊ नका, पाया उघडा पडेल. गटाराचा तळ तुमच्या चराहून वर असेल तर मात्र आधी महापालिकेकडे अर्ज, नाहीतर भरतीच्या पावसात तीच नळी उलटं पाणी आत आणेल.